वर्कस्टेशनवर आवाज घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नाटकाला, भावगीतांच्या कार्यक्रमांना आणि कॉलेजच्या स्पर्धांना कीबोर्ड वाजवणाऱ्यांसाठी मी बरीच वर्षं आवाज बसवून देतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत कुणी ना कुणी कीबोर्डची बॅग खांद्यावरून उतरवत येतं, आणि पाणी पिऊन झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. तेच प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ गोष्टी सगळीकडे सारख्याच आहेत.

वर्कस्टेशन आणि साधा कीबोर्ड यांत फरक काय?

डाव्या हाताने कॉर्ड धरला की ताल, बेस आणि साथ आपोआप सुरू होते, तो अरेंजर कीबोर्ड. वर्कस्टेशनमध्ये आवाज मुळापासून बदलण्याची सोय असते. शिवाय वाजवलेलं रेकॉर्ड करणारा सीक्वेन्सर, ड्रमचे आवाज आणि इफेक्ट हे सगळं त्याच पेटाऱ्यात मिळतं. १९८८ साली आलेल्या कॉर्ग एम-वनने हा साचा रूढ केला आणि पुढे सगळ्यांनी तोच गिरवला. फक्त तयार गाण्यांवर वाजवायचं असेल तर अरेंजर पुरेसा आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण डोक्यात एखादा आवाज ऐकू येतोय आणि तो कुठल्याच बटणावर सापडत नाही, असं होत असेल तर वर्कस्टेशन घ्या.

टोन, पॅच, प्रोग्राम, व्हॉइस, परफॉर्मन्स... ही सगळी वेगवेगळी आहेत का?

प्रत्येक कंपनीची बोली वेगळी, एवढंच. एका वाद्याच्या आवाजाला रोलंडवाले पॅच किंवा टोन म्हणतात, कॉर्गवाले प्रोग्राम, आणि यामाहाच्या जुन्या यंत्रांवर तो व्हॉइस असतो. असे अनेक आवाज एकत्र बांधले की परफॉर्मन्स किंवा कॉम्बिनेशन होतं. आणि एकाच आवाजाच्या पोटातही थर असतात. त्यांना कुणी पार्शल म्हणतं, कुणी एलिमेंट, कुणी ऑसिलेटर. मी या पानावर ‘आवाज’ आणि ‘थर’ एवढे दोनच शब्द वापरणार आहे.

एडिट दाबलं की पडद्यावर आकड्यांचं जंगल दिसतं. सुरुवात कुठून करू?

कोऱ्या पाटीपासून नको. तुम्हाला हवा त्याच्या जवळपास जाणारा तयार आवाज शोधा आणि आधी त्याचे इफेक्ट बंद करा. मग थर एकेक करून सुटे ऐका. बहुतेक तयार आवाज दुकानात उभं राहून दोन मिनिटं ऐकणाऱ्याला भुरळ पडावी म्हणून भरगच्च केलेले असतात. चार थरांपैकी दोन नुसती चमक म्हणून असतात, आणि ते काढले की उरलेला आवाज गाण्यात अचानक नीट बसतो. माझ्याकडे येणाऱ्यांचं निम्मं काम असं वजाबाकीतच होतं.

दुसरं म्हणजे, एका वेळी एकच गोष्ट बदला. ती बदलताना पडद्याकडे पाहू नका, ऐका. आकडा ६४ वरून ७० झाला हे डोळ्यांना कळतं, पण कानाला काय झालं ते डोळे मिटल्याशिवाय नीट कळत नाही. पहिले पंधरा दिवस नुसता कटऑफ फिरवा. मी शिकताना तेच केलं होतं आणि त्या पंधरा दिवसांचा उपयोग मला आजही होतो.

कटऑफ आणि रेझोनन्स म्हणजे नेमकं काय होतं?

स्पीकरवर गोधडी टाकली तर आवाज कसा होईल? सूर तोच, पण धार गेलेली. लो-पास फिल्टर हेच करतो: ठरावीक उंचीच्या वरचे स्वरांश (एका सुरात मिसळलेले बारीक सूर) कापत जातो. कुठून कापायचं ते कटऑफ ठरवतो. किती तीव्र उतारावर कापायचं तेही बऱ्याच यंत्रांत निवडता येतं. एका सप्तकामागे १२ डेसिबल म्हणजे सौम्य उतार, २४ म्हणजे कडा. ज्या जागी कापलं जातं तिथलेच स्वरांश रेझोनन्स उचलून धरतो. थोडा रेझोनन्स आवाजाला नाक-तोंड देतो. जास्त झाला तर शिट्टी वाजते.

दोन जोडण्या इथे कधीही विसरू नका. एक, की-फॉलो: वरच्या पट्ट्यांकडे जावं तसा फिल्टर उघडत गेला पाहिजे, नाहीतर तार सप्तक बोथट लागतं. दोन, व्हेलॉसिटीचा, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा, कटऑफवर परिणाम. खऱ्या वाद्यावर जोरात आघात केला की आवाज नुसता मोठा होत नाही, उजळतोही. ही जोडणी नसली की वाद्य निर्जीव वाटतं, आणि वाजवणारा उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज माझ्या डोक्यातच बसत नाहीत.

अटॅक म्हणजे पट्टी दाबल्यावर सूर भरायला लागणारा वेळ, डिके म्हणजे तिथून उतरायचा वेळ, सस्टेन म्हणजे पट्टी दाबून ठेवली असताना टिकणारी पातळी, रिलीज म्हणजे सोडल्यावर विरायचा वेळ. या चौघांचा मिळून एन्व्हलप होतो. आकृती बाजूला ठेवा आणि ओळखीची वाद्यं आठवा. तबल्याचा ‘ना’: अटॅक शून्य, सस्टेनही शून्य, सगळा खेळ डिकेचा. पेटी: पट्टी दाबलेली आहे आणि भाता चालू आहे तोवर सूर तसाच, म्हणजे सस्टेन पूर्ण. बासरीत फुंकर आधी येते आणि सूर मागून भरतो, म्हणून अटॅक जरा सावकाश.

तानपुऱ्याचा आवाज करताना मात्र खरी मजा आहे. आवाजाच्या पातळीचा अटॅक शून्यच, कारण तार छेडली जाते. पण जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला चाटून जाते त्यामुळे, सुरातली झळाळी छेडताक्षणी पूर्ण येत नाही, ती किंचित उशिराने उमलते आणि मग हळूहळू निवते. म्हणून पातळीचा एन्व्हलप एक ठेवा आणि फिल्टरचा वेगळा. फिल्टरचा अटॅक थोडा लांबवा, डिके चांगला लांब आणि रेझोनन्स मध्यम. रिलीजही लांब, म्हणजे चार तारांचे सूर एकमेकांत मिसळतील. हे जमलं त्या संध्याकाळी मी बराच वेळ नुसता प-सा-सा-सा वाजवत बसलो होतो.

आणि हो, अनेक यंत्रांत अटॅकचा आकडा सेकंदांत नसतो, नुसता ० ते १२७ असतो. त्यामुळे मित्राच्या कीबोर्डवरचे आकडे वहीत उतरवून आणून तुमच्या यंत्रावर तोच आवाज येणार नाही.

कीबोर्डमधली पेटी खेळण्यातली वाटते. खऱ्या पेटीसारखी कशी करू?

हा प्रश्न पुण्यात सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी खऱ्या पेटीसमोर बसा. भाता चालू ठेवून एक पट्टी जोरात आपटा, मग तीच अलगद दाबा. सूर तेवढाच. लहान-मोठं जे होतं ते भात्याने. त्यामुळे कीबोर्डवर पहिलं काम हे की व्हेलॉसिटीचा परिणाम साफ शून्य करायचा, पातळीवरचाही आणि फिल्टरवरचाही. निम्मं खेळणेपण इथेच संपतं.

मग भाता आणायचा कुठून? एक्स्प्रेशन पेडलमधून. पातळी पेडलला जोडा, म्हणजे मिडीचा (वाद्यांच्या आपसातल्या संदेशांच्या भाषेचा) कंट्रोल क्रमांक ११. पेडल पूर्ण वर असताना आवाज मरू देऊ नका, तळाला ३०-४० ची किमान पातळी ठेवा. त्याच पेडलला कटऑफही थोडासा जोडा, कारण भात्याचा दाब वाढला की रीड जरा उजळते. संगीत नाटकाला साथ करणाऱ्यांना हे पटकन जमतं. पायाने भाता मारायच्या ऑर्गनची आठवण त्या रंगभूमीच्या अंगात आहेच.

आता रीड. पेटीत एका पट्टीवर सहसा खर्ज आणि नर अशा दोन रीड बोलतात. म्हणून दोन थर घ्या, एक मूळ जागी आणि दुसरा एक सप्तक खाली. यंत्रात हार्मोनियमचा नमुना नसेल तर अॅकॉर्डियन किंवा रीड ऑर्गन चालेल, पण त्यातली थरथर आधी काढून टाका. एका थराचा सूर ३-४ सेंटने सरकवा; सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. ४४० हर्ट्झच्या सुरावर ४ सेंट म्हणजे सेकंदाला साधारण एक हेलकावा. तेवढा हवा. १० सेंट केलेत तर पेटी बेसुरी वाटेल, आणि आठवडाभर सराव केल्यावर तुमच्या कानाला ते कळेनासंही होईल, हा त्यातला मोठा धोका.

अटॅक अगदी शून्य नको. रीडला बोलायला क्षणभर लागतो, आणि खर्जातल्या मोठ्या रीडला जास्त. यंत्रात अटॅकला की-फॉलो असेल तर खालच्या पट्ट्यांना किंचित उशीर द्या. रिलीज तोकडा ठेवा. कोरस (आवाज रुंद करणारा इफेक्ट) काढा, रिव्हर्ब (घुमारा) खोलीएवढाच. शेवटी पिच बेंडची, म्हणजे सूर वाकवणाऱ्या व्हीलची, रेंज शून्य करा. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नसते, आणि चुकून हात लागून सूर वाकला की सगळी मेहनत एका क्षणात वाया जाते.

गवयाला कीबोर्डचा गंधार चढा वाटतो. मी चुकीचं वाजवतोय का?

नाही, तुमचं बोट बरोबर पट्टीवर आहे. कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक १०० सेंटचा. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो आणि कीबोर्डचा ४०० वर. हे १४ सेंट तयारीच्या गळ्याला टोचतात. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्यामागच्या आक्षेपांत हे बांधलेले सूर होतेच. पेटीवाल्यांना रीड घासल्याशिवाय त्यावर इलाज नव्हता, तुमच्या वर्कस्टेशनमध्ये मात्र तो आहे.

स्केल ट्यूनिंगच्या पानावर बाराही स्वरांना वेगळे सेंट देता येतात. शुद्ध स्वरांसाठी मी असं लावतो: रिषभ ४ ने वर, गंधार १४ ने खाली, मध्यम २ ने खाली, पंचम २ ने वर, धैवत १६ ने खाली, निषाद १२ ने खाली. षड्ज जागच्या जागी.

फसगत होते ती षड्ज हलल्यावर. हे आकडे सा पासून मोजलेले आहेत, पट्टीच्या नावावर नाहीत. गायक काळी एकमध्ये गाणार असेल तर गंधार पांढरी चारवर येतो, आणि ते उणे १४ तिथे टाकायचे. काही यंत्रांत मूळ स्वर निवडायची सोय असते, नसेल तर हातानेच भरा. मी काळी एक, काळी दोन, पांढरी चार आणि काळी पाच यांचे चार वेगळे संच कायमचे भरून ठेवले आहेत.

दोन सूचना. गिटार आणि बेस बरोबर असतील आणि कॉर्ड वाजणार असतील तर हे सगळं बंद ठेवा, नाहीतर तुम्हीच एकटे बेसूर ठराल. आणि दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याही एका आकड्यात मिळत नाही. तो हलता आहे, तो गायकालाच घेऊ द्या, तुम्ही षड्ज-पंचम धरा.

सनई, बासरीवर मींड कशी काढायची?

आवाज मोनो (इथे अर्थ एका वेळी एकच सूर) आणि लेगाटो (सूर न तोडता जोडून) करा. दोन पट्ट्या एकमेकींना जोडून दाबल्या तरच सूर घसरेल अशी पोर्टामेंटोची सोय निवडा आणि वेळ कमी ठेवा. लांब मींड मात्र पिच बेंडनेच घ्या. बहुतेक यंत्रांत रेंज मुळात वर-खाली २ अर्धस्वर असते. मध्यमावरून पंचमावर तेवढ्यात जाता येतं, पंचमावरून तार षड्जाला ५ लागतात. रेंज वाढवली की व्हील तेवढंच नाजूक होतं, म्हणून मी गाण्यातली सगळ्यांत लांब मींड शोधतो आणि रेंज तेवढीच ठेवतो. व्हील हाताखाली आल्यावर ते सोडायची घाई करू नका. ते उडी मारून मध्यावर येतं आणि ती उडी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

घरी हेडफोनवर अप्रतिम वाटलेला आवाज नाट्यगृहात हरवतो. का?

कारण हेडफोनमध्ये तुम्ही एकटे होता. बालगंधर्व किंवा टिळक स्मारक मंदिरासारख्या सभागृहात जागेचा स्वतःचा घुमारा असतो, त्यात तुमचा रिव्हर्ब मिसळला की चिखल होतो. कार्यक्रमाच्या आवाजांत मी रिव्हर्ब घरच्या निम्म्याहून कमी ठेवतो. खालचे स्वरांशही कापतो. डाव्या हाताचा पॅड (मागे धरून ठेवलेला मऊ, लांब आवाज) बेस गिटारच्या जागेत शिरला की दोघंही ऐकू येत नाहीत.

तिसरं कारण कुणी सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी साउंडवाले कीबोर्डची एकच वायर घेतात, म्हणजे आवाज मोनो, डावी-उजवी बाजू एकत्र. रुंद कोरस किंवा डावी-उजवी पसरलेला पियानो मोनोत आला की दोन बाजू एकमेकींना खोडतात आणि आवाज पोकळ होतो. म्हणून प्रत्येक आवाज घरीच मोनोत ऐका. साधा उपाय: डाव्या आउटपुटमध्ये एकच जॅक लावा. बहुतेक यंत्रं अशा वेळी आपोआप मोनो देतात.

आणि गाणाऱ्याच्या जागेत शिरू नका. शब्द जिथे ऐकू येतात तो भाग साधारण १ ते ४ किलोहर्ट्झचा. तिथे पॅड जरा दबलेला असला की गायकाला माइक चढवायला सांगावं लागत नाही.

तीन-चार आवाज एकत्र केले की मधले सूर गळतात. यंत्र बिघडलंय का?

बिघडलेलं नाही, त्याची क्षमता संपते. समजा यंत्र १२८ सूर एका वेळी वाजवू शकतं. चार थर, प्रत्येक स्टीरिओ, म्हणजे एका पट्टीमागे ८. १२८ भागिले ८ म्हणजे जेमतेम १६ सूर, आणि सस्टेन पेडल दाबून दोन कॉर्ड बदलले की ते संपतात. थर कमी करा किंवा रिलीज आखूड करा.

एफएम शिकण्यात अर्थ आहे का?

आहे, विशेषतः धातूच्या आवाजांसाठी. एफएम म्हणजे फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन. जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये ही पद्धत शोधली आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-सेव्हनमुळे ती जगभर पोहोचली. एक लहर दुसरीला इतक्या वेगाने हलवते की नवे स्वरांश जन्माला येतात. दोघींचं प्रमाण पूर्णांकात असेल तर सुरेल आवाज मिळतो, १ ला १.४ असं मोडकं ठेवलंत तर घंटा. हलवणाऱ्या लहरीची पातळी हळूहळू उतरती ठेवा, देवळातल्या घंटेसारखा नाद शांत होत जाईल. नमुन्यांतून इतकी जिवंत घंटा मला कधी मिळाली नाही.

ढोल-ताशाचा आवाज स्वतः रेकॉर्ड करून घालता येईल?

तुमच्या यंत्रात सॅम्पलिंगची सोय असेल तर जरूर. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव चालतो, पण सगळं पथक वाजत असताना केलेलं रेकॉर्डिंग उपयोगाचं नाही. सराव संपल्यावर पथकप्रमुखांना विचारा आणि एकच ढोल मागून घ्या. टिपरूचा आघात वेगळा, दुसऱ्या बाजूची हाताची थाप वेगळी. प्रत्येकी हलका, मध्यम आणि जोराचा आघात, आणि प्रत्येक तीन-तीनदा. तेच ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा वाजलं की कानाला लगेच यंत्र जाणवतं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट पुरे. स्टीरिओत मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. आघाताच्या आधीची शांतता अगदी काठाला कापा, नाहीतर वाजवताना सतत मागे पडल्यासारखं वाटेल.

मेनू इंग्रजीत आहे आणि माझं इंग्रजी बेताचं आहे.

अडणार नाही. रोज लागणारे शब्द वीसेक आहेत आणि त्यातले बरेच या पानावर येऊन गेले. प्रत्येक शब्दाखाली तुम्हाला ऐकू आलेला फरक वहीत मराठीत लिहा. ती वही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

बदललेला आवाज बंद-चालू केल्यावर गायब झाला!

एडिट करताना तुम्ही आवाजाच्या तात्पुरत्या प्रतीवर काम करत असता. ‘राइट’ किंवा ‘सेव्ह’ केल्याशिवाय ती कायम होत नाही, आणि नुसता दुसरा आवाज निवडला तरी अनेक यंत्रांत ती पुसली जाते. एका नाटकासाठी मी दुपारभर बसून नऊ आवाज केले होते. नावं संध्याकाळी सावकाश देऊ म्हणून त्यातले शेवटचे दोन राइट करायचे ठेवले, आणि चहाला उठलो तेवढ्यात वीज गेली. प्रयोग रात्री होता. ते दोन आवाज मी विंगेत, कानाला हेडफोन लावून, पहिल्या अंकाच्या आत पुन्हा केले. त्यातला एक आधीइतका चांगला झाला नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. आवाजाला हात लावण्यापूर्वीच तो रिकाम्या युजर जागेवर नव्या नावाने राइट करायचा, म्हणजे मूळ आवाज सुरक्षित राहतो. दर मोठ्या बदलानंतर पुन्हा राइट. नावात गाण्याचा पहिला शब्द आणि पट्टी टाकायची, कारण ‘पॅड न्यू २’ कशासाठी केला होता हे महिन्याने आठवत नाही. दिवस संपला की संपूर्ण बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा. पेन ड्राइव्ह कीबोर्डवरच फॉरमॅट करायचा, आणि एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायची. कीबोर्ड दुरुस्तीला देण्याआधी तर हे आवर्जून करा, कारण तिथे बहुधा सगळं मूळ स्थितीला आणतात. कार्यक्रमाच्या दिवशी तो पेन ड्राइव्ह कीबोर्डच्या बॅगेत नको, खिशात असू द्या.